हेतलचं नाव भिंतीवर

दिमोना,
८ मे २०२२

केसर,

पत्राचा मायना कसा लिहायचा ते इतकी वर्षं पोरांना फळ्यावर शिकवलं, आणि तुला लिहायला बसले तर नुसतं 'केसर' एवढंच सुचलं. राहू दे तसंच.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. इथं आमचं दोन खोल्यांचं घर आहे, भिंती पातळ. एली शेजारच्या खोलीत असतो, मुलासमोर काय बोलणार? तो ऐकत असला की मी 'सगळं छान आहे' एवढंच बोलते, तू 'बरं बरं' म्हणतेस आणि मग आपण दोघी गप्प होतो. सातवीपर्यंत एका बाकावर बसलो, पण अशा गप्प कधी बसलो नव्हतो.

गाव इस्रायलच्या दक्षिणेला, वाळवंटात आहे. सकाळी खिडकी उघडताना अजून वाटतं की खारा वारा येईल, आणि आत येते ती धूळ. पण खाली उतरलं की मराठी कानावर पडतं. पेण, पाली, चौल, सगळीकडची आमची बेने इस्रायल, कोकणातली यहुदी घराणी इथं येऊन म्हातारी झाली आहेत. दुकानात एक आजी मला म्हणाल्या, "रेवदंड्याची ना गं तू? बोलण्यावरून कळतं." तिकडे शनिवारच्या प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुषही जमेनात म्हणून आलो. इथं जमतात.

एली औषधांच्या मोठ्या कंपनीत लागला आहे. कंपनीचं नाव देशभर आहे. दिवसभर उभं राहायचं काम, त्यामुळे घरी आला की पाय शेकत बसतो. रोह्याच्या कारखान्यात प्रयोगशाळेत बसून काम करायची सवय, ती मोडायला वेळ लागणारच.

तुझ्या हेतलचं काय? बी.फार्म.ला फर्स्ट क्लास मिळवलेली माझी विद्यार्थिनी आहे ती. बाईंनी विचारलंय म्हणून सांग.

तुझी,
मिल्का


थेरोंडा,
२ जून २०२२

मिल्का,

तुझं पत्र आलं तवा मी पावसाच्या आधीची शेवटची सुकी मासळी आवरत होते. हात भरलेले, म्हणून हेतलनंच वाचून दाखवलं. "बाईंचं अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं हाय," म्हणाली. एलीचं वाचताना तिचा आवाज असा चढला जसं तिलाच नोकरी लागली.

हेतल मेडिकलमध्ये हाय. चौलच्या नाक्यावर नवं दुकान झालं, सगळं काचेचं. आत भिंतीवर तिचं नाव, फोटो, रजिस्ट्रेशनचा नंबर, सगळं फ्रेम करून लावलंय. तिचे बाबा मुद्दाम बघायला गेले. औषध काय घ्यायचं नव्हतं, उगाच खोकल्याच्या गोळ्या घेऊन आले. अजून पडल्यात तशाच.

दुपारची घरी असते. मला हातभार लागतो.

एक विचारते. एलीला तिथं मोठ्या कंपनीत मिळालं, तर आमच्या पोरीला बी मिळेल का? तुमच्या धर्माची न्हाय ती, मला समजतं. पण शिक्षण तर एकच हाय ना दोघांचं? तू बाई हायस, तू विचारलंस तर कोणी न्हाय म्हणणार न्हाय.

केसर


दिमोना,
४ जुलै २०२२

केसर,

हेतलचं नाव दुकानात लागलं हे वाचून आनंद झाला. तिच्या बाबांच्या गोळ्यांचं वाचून खूप दिवसांनी मोठ्यानं हसले.

तिच्या इथं येण्याबद्दल मी काय सांगू? इथली भाषा अवघड आहे, उजवीकडून डावीकडे लिहितात. परवाने वेगळे, परीक्षा वेगळ्या. एली यहुदी म्हणून इथल्या कायद्यानं नागरिक होऊन आला, हेतलला तसं येता येणार नाही. आणि एलीचं बघून कुणी काही ठरवू नये. प्रत्येकाचं वेगळं असतं.

तिचं तिथं बरं चाललं आहे ना? मग घाई कशाला?

उन्हाळा फार आहे. जास्त लिहवत नाही.

मिल्का


थेरोंडा,
२० ऑगस्ट २०२२

मिल्का,

तुला मी खोटं न्हाय लिहिलं. पण सगळं बी न्हाय लिहिलं.

हेतल त्या दुकानात पहिला महिनाच बसली. मंग एक दिवस परेशशेठनं तिला आत बोलावलं. ती सांगते तसंच लिहिते.

"उद्यापासून तू नको येऊस," म्हणाला. "पगार थोडा कमी करतो, पण घरपोच देईन. लायसन राहू दे भिंतीवर."

"मंग औषधं कोण देणार?"

"माझा मेहुणा आहे ना."

"तो बारावी नापास हाय, शेठ."

"गिऱ्हाइकाशी बोलता येतं त्याला. हे बघ हेतल, राग मानू नको. मुंबईचे बंगलेवाले येतात इथे. तुमचं बोलणं कानाला कसं लागतं ते तुला माहीत आहे. आणि मासळीचा वास, तू कितीही धुतलंस तरी."

घरी येऊन तिनं लिंबू कापलं आन् हातपाय, मान, सगळं घासत बसली. लाल झाली पोरगी. मी म्हटलं, "अगं बाय, तुझ्या अंगाला कसलाच वास न्हाय गं." तर म्हणते, "आई, त्याला माझा न्हाय, तुझा येतो."

वाईट वाटून बोलली न्हाय ती. हिशोब सांगावा तसं बोलली. म्हणून जास्त लागलं.

तर नाव भिंतीवर हाय आन् पोरगी घरी. कोणी तपासणीला आलं तर फोन करतात, मंग पांढरा कोट घालून रिक्षानं धावते.

आता खरं काम. मुंबईत एक एजंट हाय, तुमच्या देशात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला मुली पाठवतो. केअरगिव्हर म्हणतात. हेतलनं नाव दिलंय. मी म्हटलं, तिथं आपली मिल्का हाय, एली मोठ्या कंपनीत हाय, एकदा पोरगी पोचली की तो तिला औषधांच्या कामात घेईल. तिचा चेहरा फुलला. माझ्या पाटल्या गहाण गेल्या, एजंटाचे पैसे भरले.

तू एक ओळ लिही, की तिचं बरं होईल. तेवढीच मला पुरे.

केसर


दिमोना,
१२ सप्टेंबर २०२२

केसर,

ती ओळ मी लिहू शकत नाही.

एली औषधांच्या कंपनीत आहे हे खरं. तो कंपनीच्या गोदामात खोकी उचलतो. ट्रक आला की उतरवायचा, ट्रक आला की भरायचा. खोक्यात काय आहे, कुणाला किती द्यायचं, कशाबरोबर द्यायचं नाही, हे त्याला पाठ आहे. पण कुणी विचारत नाही.

असं नको समजूस की त्याला भाषा आली नाही. त्यानं इथली भाषा शिकून इथली परीक्षा दिली आणि पास झाला. त्यानंतर एखाद्या औषधांच्या दुकानात काही महिने उमेदवारी करायची असते, मग परवाना. त्याच्या वर्गात रशियाहून आलेला एक मुलगा होता. गुण एलीपेक्षा कमी. महिन्याच्या आत त्याला मोठ्या शहरात जागा मिळाली. चांगला मुलगा आहे, त्यानंच एलीला एका दुकानाचा पत्ता दिला.

एली फोनवर बोलला. बाई गोड बोलल्या, ये म्हणाल्या. हा इस्त्री करून गेला. दारात पोचला तर त्याच बाई म्हणाल्या, "माल मागच्या दारानं आणा." यानं सांगितलं की मी मुलाखतीला आलोय. त्यांनी कागद बघितला, मग चेहरा बघितला, मग पुन्हा कागद. "हे तुझंच आहे?" म्हणाल्या. आणि जागा सकाळीच भरली असं सांगितलं.

असं एकदाच झालं असतं तर मी तुला कळवलंही नसतं. एका ठिकाणी विचारलं, तू खरा यहुदी आहेस का. रेवदंड्यात आमच्या कितीतरी पिढ्या शनिवार पाळून गेल्या, आणि इथं माझ्या मुलाला दुकानाच्या दारात उभं राहून आपण कोण ते सांगावं लागतं.

मी हे लपवलं, कारण निघताना सगळा गाव पोचवायला आला होता. दुसरं काही नाही. पण तुझ्या पाटल्या गेल्या हे वाचलं आणि लगेच कागद घेऊन बसले.

इथल्या बागेत संध्याकाळी चाकाच्या खुर्च्या घेऊन मुली बसलेल्या असतात. नेपाळच्या, फिलिपिन्सच्या, आपल्याकडच्या. त्यांच्यात एक नर्स आहे, एक शिक्षिका आहे. काम वाईट नाही, पगार वेळेवर मिळतो. पण हेतलच्या पदवीचं पानसुद्धा कुणी उलटणार नाही. एली तिला काही देऊ शकत नाही. त्याच्याकडेच काही नाही.

हे पत्र तिला वाचायला दे. मग तिनं ठरवावं.

मिल्का


थेरोंडा,
३० ऑक्टोबर २०२२

आदरणीय बाईंस,

हे पत्र आईला न सांगता लिहिते आहे.

तुमचं पत्र आलं ते आईनं एकटीनं वाचलं आणि मला म्हणाली, "मिल्काचं आलंय, सगळे मजेत हायत." मग बाबांच्या जुन्या जाळ्याखाली ठेवून दिलं. तिला काही लपवता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. ती बाजाराला गेल्यावर मी काढून वाचलं आणि होतं तसं परत ठेवलं.

एलीदादाचं वाचून फार वाईट वाटलं. आणि बाई, खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. इतके दिवस मला वाटत होतं की माझ्यातच काहीतरी कमी आहे. त्याच्यासारख्या हुशार मुलालाही तसंच परत पाठवतात, म्हणजे खोट माझ्यात नव्हती.

तुमचं पत्र वाचल्यावर मी परेशशेठकडे गेले आणि लायसन उतरवून मागितलं. तो म्हणाला, "तुझ्यावाचून अडेल असं वाटतं काय?" अडलं नाही. आठवड्याभरात दुसरी फ्रेम लागली. पालीची कुणी मुलगी आहे. मी तिला ओळखत नाही. तीही घरीच बसली असेल.

मग एका औषधांच्या कारखान्यात मुलाखतीला गेले. लेखी परीक्षा चांगली झाली होती. आत तिघे बसले होते. एकानं विचारलं, "थेरोंडा म्हणजे कोळीवाडा ना? वडील काय करतात?" दुसरा म्हणाला, "तुमच्यात लग्नं लवकर होतात, मग मुली सोडून जातात." औषधांबद्दल कुणी काहीच विचारलं नाही. तिसरा पियूष होता, माझ्या वर्गातला. माझ्या वह्या उतरवून पास झालेला. मामाच्या ओळखीनं लागला आणि आता इथवर आला. तो सगळा वेळ खाली बघत होता. वाईट मुलगा नाही तो. बाहेर आल्यावर मागून धावत आला आणि "चहा घेतेस?" म्हणाला. मी घेतला. करणार काय?

बाई, मी यायचं ठरवलं आहे. फसून येत नाही. इथं माझ्या गावाचं नाव विचारतात, तिथं चेहरा बघतील. दोन्हीकडे उत्तर तेच मिळणार असेल तर जिथं पगार मिळतो तिथं जाते. आईच्या पाटल्या तरी सुटतील. भांडायचा मला कंटाळा आलाय. मी अजून पंचविशीची नाही आणि मला कंटाळा आलाय.

एकच विनंती. मी तुमचं पत्र वाचलं हे आईला कळवू नका. मी आशेनं जाते आहे असं तिला वाटू दे.

तुमची विद्यार्थिनी,
हेतल


थेरोंडा,
१८ जानेवारी २०२३

मिल्का,

हेतल गेली. आता अश्दोद म्हणून गाव हाय तिथं एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे हाय. फोन करते. "सगळं छान हाय" म्हणते. मी "बरं बरं" म्हणते.

तुझं पत्र मी तिला दाखवलं न्हाय. रोज ठरवत होते की आज देते. पण ती सेवेच्या कोर्सला जायला लागली होती, आरशासमोर तिथल्या भाषेतले शब्द म्हणायची, माझ्याकडून बी म्हणून घ्यायची. शालोम म्हंजे नमस्कार, तोदा म्हंजे आभार, असं शिकवायची मला. आम्ही दोघी हसायचो. त्या हसण्यावर तुझं पत्र कसं ठेवू? एजंटाचे पैसे बी परत येणारे न्हवते. मी म्हटलं, जाऊ दे, आशेवर माणूस चार दिवस काढतो.

आता झोप लागत न्हाय. मी तिला आंधळी करून पाठवली. तुझ्यावर बी राग येतो. पहिल्याच पत्रात खरं लिहिलं असतंस तर ही गोष्ट निघालीच नसती. मंग वाटतं, मी तरी कुठं लिहिलं? भिंतीवरच्या नावाचं कौतुक मीच केलं.

तिच्याबरोबर सुका बांगडा दिलाय तुझ्यासाठी. सुकट दिली न्हाय, खवल्याबिगरचं तुमच्यात चालत न्हाय ते म्हायत हाय.

तिच्याकडे बघ. ती फोनवर सांगणार न्हाय. तू बघून सांग. आता तरी खरं सांग.

केसर


दिमोना,
१६ एप्रिल २०२३

केसर,

उत्तराला उशीर झाला. तिला डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तिला लवकर सुटी मिळाली नाही.

काल रात्री आली, शनिवार संपेपर्यंत इथं बस बंद असते. मी बसथांब्यावर उभी होते. थोडी वाळली आहे. केस कापलेत. पिशवीत बांगडा होता, फडक्यात तसाच बांधलेला, इतके दिवस तिनं त्याला हात लावला नव्हता. मी त्याची आमटी केली. शेजारणीनं खिडक्या लावून घेतल्या. हेतलनं ते बघितलं आणि हसली. तुला आवडणार नाही ते हसू, पण हसली.

तू खरं सांग म्हणालीस, तर सांगते. गृहस्थ चांगले आहेत. सारखे विसरतात, तिला दर वेळी नवीन नावानं हाक मारतात. ती सगळ्या नावांना ओ देते. त्यांची मुलगी आठवड्यानं एकदा येते आणि गोळ्यांच्या डब्या भरून जाते, कारण ते जबाबदारीचं काम आहे. हेतल तेव्हा भांडी घासते. पगार वेळेवर होतो. तुझ्या पाटल्या पावसाळ्यापर्यंत सुटतील म्हणाली.

एलीला एका लहान गावात उमेदवारी मिळाली. मालकीणबाईंचं घराणं मोरोक्कोचं. त्यांनी चेहऱ्याकडे बघून काही विचारलं नाही. पैसे जेमतेम आहेत आणि जाण्यायेण्यात दिवस जातो. पण तो औषधं देतो. काल दोघं जेवताना गोळ्यांची नावं घेऊन भांडत होती, आणि मी दोघांना वाढत राहिले.

आता एक गोष्ट, जी तुला सांगायची नाही असं मी तिला कबूल केलं होतं. केसर, तू तिला आंधळी करून पाठवली नाहीस. जाळ्याखालचं माझं पत्र तिनं वाचलं होतं. सगळं वाचून, समजून, तुझ्याबरोबर आरशासमोर शालोम म्हणत होती. तू तिच्यासाठी हसत होतीस आणि ती तुझ्यासाठी. तिला दिलेला शब्द मी मोडते आहे, कारण तू झोपत नाहीस असं लिहिलंस. तिच्याजवळ तू हे काढू नकोस. नाहीतर काढ. आपण सगळ्यांनीच एकमेकींपासून फार लपवलं.

रात्री आमटीची वाटी हातात धरून तिनं मला विचारलं, "बाई, दहावीला तुम्ही आमच्या अंगणात येऊन आईला सांगितलंत, शिकलेल्या पोरीला कुणी जात विचारत नाही. तुम्हाला तेव्हा तसं खरंच वाटत होतं का?"

मी म्हटलं, "वाटत होतं."

तिनं वाटी खाली ठेवली. मग मीच म्हटलं, "नाही. पूर्ण नव्हतं वाटत. मी कोण, कुठल्या धर्माची हे विचारत मला शाळेत कायम करायला किती वर्षं लावली ते मला माहीत होतं. पण तुझ्या आईला ते सांगितलं असतं तर तिनं तुला अकरावीला घातलं नसतं."

"मग बरं केलंत," म्हणाली. खरंच बरं केलं म्हणते की दमली होती म्हणून विषय संपवला, मला कळलं नाही. इतकी वर्षं मुलांचे चेहरे वाचले, पण हा वाचता आला नाही.

आता रविवारची दुपार टळत आली. ती माझ्या पलंगावर झोपली आहे, भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन. तिकडे म्हातारा रात्री उठतो म्हणून तिला सलग झोप मिळत नाही. चार वाजता उठवा म्हणाली होती, पाचची बस आहे. एलीनं टीव्ही बंद केला आणि अनवाणी हिंडतो आहे. मी दोनदा दारापर्यंत जाऊन आले.

चार वाजून गेलेत, केसर. मी तिला उठवत नाही. त्यानंतरचीही एक बस आहे.

मिल्का